अठराव्या वर्षी दोन वर्षांसाठी परदेशी धर्मप्रसार: मॉर्मन मुलांचं हे मिशन योग्य आहे का?

रेणुका_युटा
माझं मत आधीच सांगते. मॉर्मन चर्चने, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या या ख्रिस्ती पंथाने, अठरा वर्षांच्या मुलांना परदेशी धर्मप्रसाराला पाठवू नये. मी सॉल्ट लेक सिटीजवळ राहते, शेजारपाजार जवळजवळ सगळा याच चर्चचा. ही माणसं मला फार जवळची आहेत, म्हणूनच लिहितेय.

पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी: मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. देश आपण निवडायचा नाही. चर्च सांगेल तिथे जायचं, मग ते ब्राझील असो की जपान. परकी भाषा असेल तर आधी काही आठवडे प्रशिक्षण केंद्रात ती घोटून घेतात. नंतर पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि सदैव सोबत चर्चनेच नेमून दिलेला जोडीदार. खर्च बहुधा स्वतःचा किंवा घरचा. अमेरिकेतून जाणाऱ्यांना 2020 पासून महिना 500 डॉलर.

2012 पर्यंत मुलग्यांसाठी किमान वय साधारणपणे 19 होतं, मुलींसाठी 21. त्या ऑक्टोबरमध्ये ते 18 आणि 19 वर आणलं. तेव्हापासून मुलगा शाळा संपली की थेट मिशनवर जाऊ शकतो. कॉलेज, वेगळ्या विचारांचे मित्र, स्वतःच्या श्रद्धेबद्दलचे प्रश्न, यातलं काहीच त्याच्या वाट्याला आलेलं नसतं. आपण नक्की काय मानतो हे त्याला अजून पुरतं उमगलेलं नाही, आणि तो परक्या देशात लोकांना काय मानावं ते सांगत दारोदार हिंडतोय. ही त्याची निवड आहे असं मला म्हणवत नाही.

मंदार
रेणुकाताई, पूर्ण असहमत. आपल्याकडे खडकवासल्याला एनडीएत मुलं याहून लहान वयात दाखल होतात, आणि आपण त्यांचं कौतुकच करतो.

मी जर्मनीत शिकत असताना या पोरांना जवळून पाहिलंय. घर बदलताना त्यांनी माझं सामान चौथ्या मजल्यावर चढवून दिलं. मी त्यांच्या प्रार्थनेला येणार नाही हे आधीच सांगितलं होतं, तरीही. दिवसभर दारं तोंडावर बंद होतात आणि संध्याकाळी ही मुलं शांतपणे लोकांना फुकट इंग्रजी शिकवतात. वर दोन वर्षांत परकी भाषा अशी बोलायला लागतात की ऐकत राहावं. वीस वर्षांच्या किती मुलांना आपण हे देऊ शकतो?

रेणुका_युटा
मंदार, एनडीएत मुलगा स्वतः परीक्षा देऊन जातो. गेला नाही तर घरच्या श्रद्धेशी त्याने प्रतारणा केली असं कुणी मानत नाही. इथे मुलींसाठी मिशन ऐच्छिक आहे, पण मुलग्यांसाठी चर्च ते धर्मकर्तव्य म्हणून सांगतं. आजारपणामुळे किंवा मन न रमल्याने मध्येच परतलेला मुलगा रविवारी चर्चमध्ये कसा अंग चोरून बसतो, ते मी पाहिलंय. त्याला कुणी टोचून बोलत नाही. फक्त काय बोलावं हे कुणाला सुचत नाही.

शशिकांत
तुम्ही दोघंही त्या मुलांबद्दलच बोलताय. ज्यांच्या दारात ती उभी राहतात त्यांचं काय?

1960 च्या आसपास ब्रिटनमध्ये या मिशनऱ्यांनी बेसबॉलचे संघ काढले. शाळकरी पोरं खेळायला आली आणि त्यांचे भराभर बाप्तिस्मे झाले. आपण एका धर्मात गेलोय हे त्यातल्या कितीतरी पोरांना कळलंही नव्हतं. पुढे चर्चलाच यादीतून नावं काढत बसावं लागलं. ही मुलं वाईट नव्हती. वरून आकड्यांचा तगादा होता, आणि विशीतला मुलगा वरिष्ठाला 'हे चुकतंय' असं कुठून सांगणार?

दुसरं उदाहरण 1972 चं, थायलंडमधलं. सुखोथाईला एक मिशनरी बुद्धमूर्तीच्या डोक्यावर चढून बसला आणि जोडीदाराने फोटो काढला. देशभर संताप उसळला, दोघांनाही तुरुंगवास झाला. ज्या देशाला धर्म सांगायला गेलो तिथे काय पवित्र मानतात, एवढंही ठाऊक नसेल तर जाऊच नये. मॉर्मन असोत की आणखी कुणी, मी हेच म्हणेन.

देवयानी (नगर)
शशिकांतकाका, आम्ही मराठी ख्रिस्ती. त्यामुळे 'जाऊच नये' हे मला मान्य नाही. अमेरिकन मराठी मिशन ही वेगळी, मॉर्मन नसलेली ख्रिस्ती संस्था 1831 मध्ये अहमदनगरला आली. तिच्या मिशनऱ्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, मराठी शिकून घेतली. काहींची सगळी हयात इथे गेली. त्यांच्याशी वाद घालता येत होता, आणि आपल्या लोकांनी तो घातलाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. या मुलांची दर सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते. आज एका गावात, उद्या दुसऱ्या. एखादी एकटी म्हातारी बाई त्यांना जीव लावते, चर्चमध्ये यायला लागते, आणि तिला आणणारे दोघे तोवर दुसऱ्याच शहरात. 1850 च्या दशकात मॉर्मन प्रचारक मुंबई-पुण्यातही आले होते. थोड्याच वर्षांत परत गेले. धर्म सांगायचा तर तिथे राहायची तयारी हवी, मग वय अठरा असो की साठ.

मंदार
देवयानी, तुमचा मुद्दा माझ्या मनात नव्हता, पण तो वयाचा नाही, मुदतीचा आहे. शशिकांतकाका, तुमची उदाहरणं खरी आहेत, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. चर्च बदललंय. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत मुलांना घरी फोन करायला वर्षातून दोनच दिवस मिळायचे, नाताळ आणि मातृदिन. आता दर आठवड्याला बोलता येतं. ज्यांना प्रचार झेपत नाही त्यांना घरी राहून सेवाकार्य करता येतं.

शशिकांत
फोन मिळाला, चांगलंच झालं. पण त्याच 2019 मध्ये रशियात नोव्होरोसिस्कला या चर्चच्या दोन तरुणांना पकडून देशाबाहेर काढलं. 2016 च्या कायद्याने तिथे धर्मप्रचारावर कडक बंधनं आली होती. चर्चने त्यांना मिशनरी न म्हणता 'स्वयंसेवक' म्हणून ठेवलं होतं, म्हणजे धोका माहीत होता. तो कायदा मला अन्यायाचाच वाटतो. पण त्याच्याशी टक्कर घ्यायला पुढे कोण, तर कोवळी पोरं! जायचंच तर चर्चच्या जाणत्या माणसांनी जावं.

रेणुका_युटा
याच कारणासाठी वय वाढवा म्हणतेय. किमान 21 असावं. आणि देवयानी म्हणते तसं, एका गावात निदान वर्षभर तरी राहू द्यावं. मध्येच परतलेल्या मुलाचं स्वागत दोन वर्षं पुरी करून आलेल्यासारखंच व्हावं. हे तर नियम न बदलता येत्या रविवारपासूनही करता येईल.

मंदार
वयावर अजूनही असहमत. 21 व्या वर्षी कॉलेज अर्धवट सोडून जाणं मुलांना जास्त महागात पडेल. परतलेल्यांबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के पटलं.