टेनिसमध्ये नेटवर धावणारा की बेसलाइनवर (कोर्टाच्या मागच्या रेषेवर) ठाण मांडणारा, पाहायला कोणता खेळ जास्त रंगतो?

धरमपेठकर:
काल जेवणं आटोपल्यावर १९८० ची विम्बल्डन फायनल पुन्हा लावली. बोर्ग आणि मॅकेन्रो. चौथ्या सेटचा टायब्रेक (६-६ बरोबरीनंतरचा निर्णायक गेम) मॅकेन्रोने १८-१६ घेतला, पण पाचवा सेट ८-६ काढून मॅच बोर्गने नेली. निकाल पाठ असूनही पंखा वाढवायला उठलो नाही. त्याआधी संध्याकाळी सध्याच्या एका स्पर्धेचा सामना पाहत होतो. मध्येच उठून कणीक मळून आलो, तर तीच रॅली चालू. (अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.)

सर्व्ह करून नेटकडे धावणारा खेळाडू दोन सेकंदांत पत्ते उघडे टाकतो. आता समोरचा बाजूने काढेल, डोक्यावरून लॉब देईल की पायांत मारेल? जीव टांगणीला. आता दोघंही लाइनच्या मागे उभे राहून धोबीघाटासारखे बडवत बसतात. बोला.

सक्करदऱ्याचा बॅकहँड:
भाऊ, निवडून निवडून ८० ची काढली. १९९४ ची काहून नाही लावली? सॅम्प्रस आणि इवानिसेविच, ७-६, ७-६, ६-०. सर्व्हिस, एस (समोरच्याची रॅकेटही न लागलेली सर्व्ह), टॉवेल. सर्व्हिस, रिटर्न बाहेर, टॉवेल. रॅली शोधाले दुर्बीण लागे! आणि मॅकेन्रो एवढा भारी दिसला, कारण समोर बेसलाइनवाला बोर्ग होता.

धरमपेठकर:
९४ ची कंटाळवाणी होती, मान्य. पण बोर्गला निव्वळ बेसलाइनवाला म्हणू नका. विम्बल्डनच्या गवतावर पहिल्या सर्व्हनंतर तोही सर्रास पुढे यायचा. मातीवरचा बोर्ग वेगळा.

जामठा एंड:
खेळाडूंना कशाला दोष देता? पिचला द्या. २०१५ मध्ये आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमला क्रिकेटमध्ये दक्षिण आफ्रिका ७९ वर गारद झाली, टेस्ट तीन दिवसांत संपली, तेव्हा सगळे खेळपट्टीवरच बोलत होते ना? तसंच इथे. विम्बल्डनने २००१ पासून पूर्ण रायग्रास जातीचं गवत लावलं. कोर्ट टणक झालं, चेंडू जास्त उसळायला लागला. २००१ ची फायनल इवानिसेविच आणि राफ्टर, दोघंही नेटवर पळणारे. लगेच २००२ ला ह्युइट आणि नालबांडियान, दोघंही मागचे. ६-१, ६-३, ६-२, खेळ खलास.

पहाटेची डबल्स:
गवत हे अर्धंच कारण. उरलेलं गटिंगमध्ये, म्हणजे रॅकेटच्या तारांमध्ये आहे. १९९७ मध्ये कुएर्टेनने पॉलिएस्टर तारांनी फ्रेंच ओपन जिंकली आणि हळूहळू सगळे तिकडे वळले. त्या तारांवरून टॉपस्पिन मारला की चेंडू नेटवरून उंच जातो आणि अचानक खाली बुडतो, थेट पुढे आलेल्याच्या बुटांशी. तिथून व्हॉली (टप्पा पडण्याआधीचा फटका) उचलणं म्हणजे चालत्या बसखालून रुमाल उचलणं.

मी रामनगरच्या कोर्टावर सकाळी खेळतो. वय विचारू नका, गुडघे सांगतात. मागच्या महिन्यात एका चौदा वर्षांच्या पोराशी सिंगल्स खेळलो. फोरहँड असा, की माझी रॅकेट हातात फिरली. मग एक ड्रॉप शॉट (हळूच नेटजवळ पडणारा) टाकला. पोरगा वाऱ्यासारखा आला, पोचलासुद्धा. पण फोरहँडची तळवा खालून वळवलेली पकड तशीच ठेवली. व्हॉलीला हातोडी धरतो तशी पकड लागते. चेंडू फ्रेमला लागून शेजारच्या कोर्टात. त्याला विचारलं, तर म्हणाला, "काका, नेटवर यायचं कुणी शिकवलंच नाही."

मला त्या हातोडीच्या पकडीचं वेड आहे. पण खरं सांगायचं तर त्याचा फोरहँड पाहायलाही मी थांबतोच.

महालची मार्टिना:
इतके प्रतिसाद आणि एकाही बाईचं नाव नाही, धन्य! या वादाचं उत्तर मार्टिना नवरातिलोवा आणि ख्रिस एव्हर्टने ८० सामने खेळून दिलंय: मार्टिना ४३, ख्रिस ३७. एक पुढे येणार, दुसरी मागून सुईत दोरा ओवल्यासारखे पासिंग शॉट (पुढे आलेलीच्या बाजूने जाणारे) काढणार. ख्रिस तिच्याकडून सलग १३ सामने हरली होती, तरी १९८५ ची फ्रेंच फायनल ६-३, ६-७, ७-५ अशी काढली. मी ख्रिसच्या बाजूने असते. टोपणनाव मात्र मार्टिनाचं, कारण घरात वाद घालायला तेच कामी येतं.

सक्करदऱ्याचा बॅकहँड:
हे पटलं. पण बडवाबडवी म्हणणाऱ्यांनी २०२५ ची फ्रेंच फायनल पाहा. पाच तास एकोणतीस मिनिटं. अल्काराझने सिनरचे तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवले. मी सोफ्यावरून खाली येऊन बसलो होतो, माय म्हणे, "याले काय झालं?" अल्काराझ चार फटके मागे ढकलते आणि पाचवा हळूच नेटमागे टाकते. त्या चार फटक्यांशिवाय पाचव्याची मजा येईल काय?

आन २०१९ ची विम्बल्डन फायनल विसरले काय? पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७, ४०-१५, हातात दोन मॅच पॉइंट. दुसऱ्या मॅच पॉइंटवर तो नेटवर आला आणि जोकोविचने क्रॉसकोर्ट (तिरक्या) फोरहँडने चेंडू त्याच्या बाजूने काढला. नेटवर येऊनच गेली ना मॅच?

धरमपेठकर:
नेटवर आला म्हणून नाही, अ‍ॅप्रोच (नेटकडे येतानाचा फटका) पुरेसा खोल नव्हता म्हणून. हे मी तेव्हाही टीव्हीसमोर ओरडून सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही.

सक्करदऱ्याचा बॅकहँड:
😂 रविवारी सहाले रामनगरले येतो. तुम्ही या पुढे, मी लॉब टाकतो. काका अंपायर.

पहाटेची डबल्स:
अंपायर नाही, मी खेळणार. आणि चेंडू नवे आण. मागच्या वेळचे टकले होते.