इतिहासाची पदवी, लेकीचं कर्ज आणि आमची सही

पानगळ (धागाकर्ती)
धाकट्या लेकीला इथे अमेरिकेत एका खासगी लिबरल आर्ट्‌स कॉलेजात (कला, भाषा, विज्ञान असे मूलभूत विषय शिकवणारं पदवी कॉलेज) प्रवेश मिळालाय. विषय इतिहास. आम्ही नागरिक असल्यामुळे तिला केंद्र सरकारचं कर्ज मिळतं : पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दोन वर्षं ७,५००. म्हणजे चार वर्षांत २७,००० डॉलर. शिष्यवृत्ती आणि आमची बचत धरूनही पैसे कमी पडतात. उरलेल्यासाठी कॉलेजने ‘पॅरेंट प्लस’ सुचवलंय, म्हणजे आई-वडिलांनी स्वतःच्या नावावर काढायचं कर्ज.

माझं मत स्पष्ट आहे. इतिहास शिकू दे, तिच्या नावावरचे २७,००० होऊ देत, पण आमच्या सहीचं कर्ज नको. साधारण ६.४ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर तिला महिना ३०५ डॉलरच्या आसपास हप्ता येतो. पगार बेताचा असला तरी तेवढा निघेल. पॅरेंट प्लसचा दर ९ टक्क्यांच्या घरात. जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे जास्तीत जास्त ६५,००० मिळतात. तेवढे उचलले तर आमचा हप्ता ८२० पर्यंत जातो, आणि तोवर आम्ही निवृत्तीला टेकलेले असू. नवऱ्याचं म्हणणं, विषयच बदलायला लाव. तुम्हाला काय वाटतं? विरोधी मत असेल तर आवर्जून लिहा.

हिशेबी
ताई, मला २७,०००सुद्धा जास्त वाटतात. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २०२०मध्ये खर्च वजा जाता कॉलेजचा परतावा मोजला होता. दहा वर्षांनी सगळ्या कॉलेजांचा मध्यक (निम्म्यांचा याहून जास्त, निम्म्यांचा कमी) १,०७,००० डॉलर, लिबरल आर्ट्‌स कॉलेजांचा फक्त ६२,०००. कर्ज फेडायची वर्षं हीच असतात. आणि हे कर्ज दिवाळखोरीतही सहजासहजी सुटत नाही. ‘असह्य हालअपेष्टा’ कोर्टापुढे सिद्ध कराव्या लागतात. २०२५च्या नव्या कायद्याने तर कमाईची कसोटीच लावलीय. पदवी घेऊन चार वर्षं झालेल्यांची मध्यक कमाई फक्त शाळा संपवलेल्या २५ ते ३४ वयाच्या कामकऱ्यांपेक्षा कमी निघाली, आणि तीनपैकी दोन वर्षं तसंच झालं, तर त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज बंद. सरकारलाच खात्री नसेल तर आपण का बाळगायची?

जुनी_वही
हिशेबी, त्याच अहवालातला पुढचा आकडाही द्यायला हवा होता. चाळीस वर्षांनी लिबरल आर्ट्‌स कॉलेजांचा परतावा ९,१८,००० आणि सगळ्यांचा ७,२३,०००. सुरुवात संथ असते, पुढे चित्र उलटतं. आणि ती कसोटी फार खालची आहे, इतिहासासाठी मला तिची धास्ती वाटत नाही. दुसरं, सरकारच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’वरचे कमाईचे आकडे फक्त सरकारी मदत घेतलेल्यांचे असतात आणि मोजणीच्या वेळी पुढे शिकत असलेले त्यातून वगळलेले असतात. इतिहास घेतलेली किती मुलं वकिलीला किंवा पीएचडीला जातात! ती त्या आकड्यात दिसतच नाहीत.

हिशेबी
चाळीस वर्षांचा आकडा मुद्दाम लपवला नव्हता, पण तो कॉलेजांचा आहे, विषयाचा नाही. याच कॉलेजांतून अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेलेही बाहेर पडतात, आणि बऱ्याच ठिकाणी मुळात निवडून घेतलेली हुशार मुलं असतात. ती कुठेही गेली तरी बरी कमावतील. त्यातून इतिहासाचा भाव काढता येत नाही. आणि वकिलीचं म्हणाल तर तिथे दुसरं कर्ज उभं राहतं. ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज, जुलै २०२६ पासून नव्यांना बंद, वकिलीसारख्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० ची मर्यादा. वर लागलं तर खासगी बँक. ‘पुढे वकिली करेल’ हे आजच्या कर्जाचं समर्थन होऊ शकत नाही.

खडूवाली
मी याच वाटेने गेलेय, म्हणून लिहिते. तत्त्वज्ञान घेतलं, कर्ज काढलं, आज सरकारी शाळेत शिकवते. दहा वर्षांचे १२० हप्ते सरकारी किंवा ना-नफा नोकरीत राहून भरले की उरलेलं कर्ज माफ होतं, ही योजना २००७पासून आहे. माझे ८४ झालेत. कमाईवरून पदवीची किंमत ठरवणं मला पटत नाही. वर्गात मुलं ‘असं का?’ विचारतात, तेव्हा मी जे करते ते त्या चार वर्षांतच शिकले.

पण पानगळताईंशी मी शंभर टक्के सहमत आहे. माझी खोलीतली मैत्रीण तिसऱ्या वर्षी घरच्या अडचणींनी सोडून गेली. पदवी नाही, कर्ज मात्र तसंच, आणि त्यातलं बरंचसं तिच्या आईच्या नावावर. विषय कुठला होता याने तिच्या बाबतीत काहीच फरक पडला नसता. विषयावर भांडण्याआधी त्या कॉलेजात प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात ते बघा. तो आकडा स्कोअरकार्डवर मिळतो.

जुनी_वही
खडूवाली, हा मुद्दा माझ्याकडून निसटला होता. चाळीस वर्षांची सगळी गणितं पदवी पूर्ण झाली हे धरूनच असतात.

पानगळ (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. काल कॉलेजचं पत्र पुन्हा नीट वाचलं. शिष्यवृत्ती, तिचं कर्ज आणि पॅरेंट प्लस तिन्ही एकाच रकान्यात, वर शीर्षक ‘तुमची मदत’! कर्जाला मदत म्हणतात याचा मला खरंच राग आला. २०२२मध्ये केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशी पत्रं तपासली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के कॉलेजं निव्वळ खर्च (शिष्यवृत्ती वजा जाता खरोखर भरावी लागणारी रक्कम) एकतर सांगत नव्हती किंवा कमी दाखवत होती. लेकीलाच कागद-पेन घेऊन बसवलं. पॅरेंट प्लस खोडल्यावर आमची तूट वर्षाला ११,००० निघाली. ती गप्प झाली, मग म्हणाली, राज्याच्या विद्यापीठातही इतिहास शिकवतातच की. तिथलाही प्रवेश तिच्या हातात आहे.

सोमवारी खासगी कॉलेजला फोन करणार आहोत. शिष्यवृत्ती चारही वर्षं तेवढीच राहणार का, आणि ती टिकवायला किती गुण लागतात, हे लेखी मागणार.

हिशेबी
इतिहासाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण फोनवर एक विचाराच : दरवर्षी फी वाढली की शिष्यवृत्तीही वाढते का? नाहीतर आजचे ११,००० चौथ्या वर्षी ११,००० राहणार नाहीत.