अनुभव धागा: सासूबाईंबरोबर पाहिलेला वाडा

पुण्यात घर असले की येणाऱ्या पाहुण्यांना वाडा दाखवणे ओघाने येतेच, आणि पाहुण्या म्हणून सासूबाई येणार असतील तर त्या दिवसाची जुळवाजुळव मनात आठवडाभर आधीच सुरू होते. गेल्या महिन्यात माझ्या सासूबाई निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावाहून तीन आठवडे राहायला आल्या होत्या. त्यांच्याबरोबर शनिवारवाडा पाहिला, आणि बारा वर्षे या शहरात राहून, अप्पा बळवंत चौकातून शेकडो वेळा ये-जा करूनही आपण तो कधी नीट पाहिलाच नव्हता, हे प्रकर्षाने जाणवले. आपल्यापैकी अनेकांनी आपल्या सासूबाईंना पेशव्यांचे वाडे, आगाखान पॅलेस किंवा संग्रहालयातले महाल दाखवले असतील. त्या कुठे थांबल्या, त्यांनी काय विचारले आणि त्यामुळे तुम्हाला काय नव्याने दिसले, ते इथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

आम्ही ऊन चढण्याआधी पोहोचलो. दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे मी त्यांना दाखवले आणि हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते बसवलेले असतात, असे सांगितले. त्यांचे लक्ष मात्र उजव्या फळीत असलेल्या, एका माणसापुरत्या छोट्या दिंडीकडे होते. "रात्री मोठं दार लावलं की ये-जा हिच्यातूनच. वाकल्याशिवाय आत येता येत नाही, म्हणजे येणाऱ्याची मान आधी आत येते," असे म्हणून त्यांनी फळीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. गावाकडच्या आमच्या घरालाही अशीच दिंडी होती, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

आत गेल्यावर अनेकांचा हिरमोड होतो, कारण 1828 सालच्या आगीत वाड्याच्या इमारती जळून गेल्या आणि आता दिसतात ती जोती, हौद आणि हिरवळ. माझी भीती हीच होती की एवढ्या लांबून आलेल्या बाईला आपण मोकळे मैदान दाखवतो आहोत. सासूबाई जोत्यावर चढल्या, खांबांखालच्या दगडी तळखड्यांपाशी थांबल्या आणि एका तळखड्यापासून दुसऱ्यापर्यंत पावले मोजत चालू लागल्या. इथे खांब, म्हणजे ही ओसरी. ओसरी चारी बाजूंनी फिरते, म्हणजे मधला चौक. चौकाचे पाणी या बाजूने बाहेर जाणार. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आमच्या घराचा वरचा मजला गेला आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी त्या उघड्या जोत्यावरूनच घर मनात धरून ठेवले होते. त्यामुळे जोत्यावरून घर वाचणे त्यांना येत होते. मी बारा वर्षे जिला पडझड म्हणत होते, ती त्यांच्या पायाखाली पुन्हा वाडा होत गेली.

मग त्यांनी विचारले, "पोरी, एवढ्या माणसांची चूल कुठं होती गं? आणि पाणी कुठून आणत होते?" चुलीचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पाण्याचे होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बंदिस्त नळाने पाणी शहरात आणले गेले, ते या वाड्यात आणि पेठांमधल्या हौदांत खेळवले गेले. हजारी कारंज्याच्या कमळाच्या पाकळ्यांकडे पाहत त्या म्हणाल्या, "पाणी वर उडवायचं म्हणजे आधी उंचावरून आणायला पाहिजे." शाळेत पाया 10 जानेवारी 1730 आणि वास्तुशांत 22 जानेवारी 1732, दोन्ही शनिवार, एवढे मी पाठ केले होते. पाण्याच्या उताराचा विचार कधी केला नव्हता.

*

एक सून, सदाशिव पेठ

माझा अनुभव छोटा आहे. सासूबाई साताऱ्याच्या, त्यामुळे राजवाडा हा शब्द त्यांना नवा नाही. तुळशीबागेत खरेदी झाल्यावर आम्ही विश्रामबागवाड्यासमोर आलो. दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेल्या या वाड्याच्या दर्शनी सज्जाला सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब आहेत आणि त्यांवरचे कोरीव काम रस्त्यावरूनही दिसते. सासूबाई समोरच्या फुटपाथवर पिशव्या खाली ठेवून दहा मिनिटे वर पाहत उभ्या राहिल्या. गर्दी त्यांना वळसा घालून जात होती. "आमच्या राजवाड्यापेक्षा हा घरासारखा वाटतो," एवढेच त्या बोलल्या. इथेच 1821 साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती, हे सांगितल्यावर त्यांना फार बरे वाटले, कारण त्या निवृत्त शिक्षिका आहेत.

*

चिंचवडहून एक सून

मला जे लिहायचे आहे ते जरा जड आहे. माझ्या सासूबाई जळगावकडच्या. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे मोठे दीर, सव्विसाव्या वर्षी अपघातात गेले. घरात त्यांचा विषय निघत नाही.

आम्ही शनिवारवाड्यात गेलो त्या दिवशी आमच्यापुढे एक मोठा गट चालला होता आणि त्यांना माहिती सांगणारे गृहस्थ नारायणराव पेशव्यांच्या खुनाची हकीकत रंगवून सांगत होते. "काका, मला वाचवा" हे शब्द त्यांनी आवाज बदलून, ओरडून म्हटले, मुलांनी नक्कल केली, आणि अमावास्येच्या रात्री हीच हाक ऐकू येते असे सांगून त्यांनी गोष्ट संपवली. लोक हसले. सासूबाई खाली बसल्या. त्यांना चक्कर आली असे समजून मी पाण्याची बाटली काढली, तेव्हा त्यांनी माझा हात धरून विचारले, "त्याची माय तेव्हा होती का गं?"

मला ठाऊक नव्हते. घरी येऊन मी वाचले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या शेजारी बसून सांगितले. नारायणरावांच्या आई गोपिकाबाई तेव्हा हयात होत्या आणि नाशिकजवळ गंगापूरला राहत होत्या. त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडला. त्याच वर्षी जूनमध्ये पती नानासाहेब पर्वतीवर वारले. दुसरे चिरंजीव माधवराव 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला क्षयाने गेले, आणि त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते तोच, 30 ऑगस्ट 1773 रोजी गारद्यांनी, म्हणजे पहाऱ्यावरच्या भाडोत्री शिपायांनी, अठरा वर्षांच्या नारायणरावांना या वाड्यात मारले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुरंदरवर सवाई माधवरावांचा जन्म झाला.

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी माझ्या दिरांच्या लहानपणाची एक गोष्ट सांगितली, नंतर दुसरी, आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही तिथेच होतो. लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि त्यांच्या तोंडून दिरांचे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

ऐतिहासिक जागा दाखवणाऱ्या सर्वांना माझे कळकळीचे सांगणे आहे की त्या मुलाच्या हाकेची नक्कल करू नये. ऐकणाऱ्यांत कोण उभे आहे, हे आपल्याला माहीत नसते.

*

एक जावई, वडगाव शेरी

धागा सुनांसाठीच नसावा, असे गृहीत धरून लिहितो. माझ्या सासूबाई राजापूरच्या. सासरे मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते, ते जाऊन आता सहा वर्षे झाली. आगाखान पॅलेस आमच्या घरापासून जवळ असल्याने मी त्यांना तिथे नेले. तिसऱ्या आगाखानांनी हा प्रासाद 1892 साली बांधवला आणि दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता, हे मी फाटकातच सांगून टाकले. कमानी आणि लांबलचक व्हरांडे पाहून त्यांनी विचारले, "जावईबापू, हा राजवाडा की तुरुंग?" प्रश्न अगदी योग्य होता, कारण ऑगस्ट 1942 पासून मे 1944 पर्यंत गांधीजी आणि त्यांचे सहकारी इथे स्थानबद्ध होते. आल्यावर आठवडाभरातच, 15 ऑगस्ट 1942 रोजी, महादेवभाई देसाई इथे वारले. 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबाही इथेच गेल्या.

दोन्ही समाध्या मागच्या बाजूला, झाडीत आहेत. माझ्या तारखा तिथे थांबल्या, कारण सासूबाई ऐकत नव्हत्या. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी कस्तुरबांना अखेरच्या वेळी नेसवली होती, एवढीच गोष्ट त्यांनी मला पुन्हा सांगायला लावली. नंतर समाधीजवळच्या कठड्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी जन्मभर साच्यावर कापड काढलं. पाळी संपवून आले की अंगावर कापसाचे तंतू असायचे, ते मी झटकायची. झटकायला नको होते."

मी काही बोललो नाही. आम्ही तिथे तासभर बसलो. वस्तूंची दालने पाहायची राहून गेली, आणि त्याची मला अजिबात खंत नाही.

*

कोथरूडहून एक सून

माझे सासर सागरचे. मध्य प्रदेशातल्या त्या शहरात मराठी कुटुंबे पेशवाईच्या काळापासून आहेत आणि सासूबाई स्वतःला मराठी म्हणतात तितक्याच अभिमानाने बुंदेलखंडी म्हणतात. पुण्यात उतरताच त्यांनी मस्तानीचे घर पाहायचे असे सांगितले. शनिवारवाड्यात आता मस्तानी दरवाजा तेवढा दाखवता येतो. म्हणून मी त्यांना राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेले, जिथे कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो महाल पुन्हा उभा केला आहे.

बुंदेलखंडच्या राजा छत्रसालाच्या हाकेला बाजीराव 1729 साली धावून गेले, ती कथा त्या घरात लहान मुलांना झोपवताना सांगतात. महालाच्या उंबऱ्याशी त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाल्या, "आमच्याकडची मुलगी एवढ्या लांब आली, तिला कोणी आपले म्हटले का?" मी स्वतः त्या घरात सून म्हणून पुण्याहून गेलेली आहे, उलट्या वाटेने, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळून लागला. बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी रावेरखेडीला वारले आणि मस्तानीही त्याच वर्षी गेली; तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे. पुढच्या रविवारी आम्ही तिथेही जाऊन आलो.

याच संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे सासूबाईंना अतिशय आवडले, हेही नमूद करते. एका अडकित्त्यासमोर उभे राहून, तो कोणत्या बोटांत कसा धरायचा, हे त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुलींना हाताने करून दाखवले.

*

एक सासूबाई, सोलापूर

हा धागा मला सूनबाईने वाचून दाखवला आणि मी सांगते आहे ते ती लिहून घेत आहे. माझे वय एकाहत्तर. शनिवारवाडा मी गेल्या दिवाळीत पाहिला. आपण सगळे फार प्रेमाने दाखवता, पण काही गोष्टी आमच्यासारख्यांच्या तोंडून यायला हव्यात. आम्हाला एका दिवसात तीन ठिकाणे नकोत, एकच असू द्या. निघण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून ठेवा, कारण त्या काळजीने आम्ही पाणी पीत नाही आणि मग चक्कर येते. नगारखान्याच्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, तिथे "आई, तुम्ही खालीच थांबा" असे लगेच म्हणू नका. माझ्या सूनबाईने तसे म्हटले नाही. ती माझ्या एक पायरी खाली राहिली, मी भिंतीला हात लावत चढले, आणि वरून समोरच्या मैदानातला बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा पाठमोरा पाहिला. खालून तो सगळेच समोरून पाहतात. नगारा वाजवणाऱ्याला रोज जे मैदान दिसत असेल ते मला दिसले.

माघात मी पुन्हा येणार आहे. या खेपेला पर्वती ठरली आहे. पायऱ्या शंभराच्या वर आहेत, तेव्हा दहा चढायच्या, बसायचे, मग पुन्हा दहा, असे सूनबाईला आताच सांगून ठेवले आहे.