मदत हवी आहे: ‘मेटाकुटीला आलोय’ इंग्रजी-पोर्तुगीजमध्ये कसं लिहायचं?

सोलापुरी टॉवेलची ऑर्डर लांबतेय, सुताचे पैसे अडकलेत. लिस्बनच्या खरेदीदाराला दोन्ही भाषांत पत्र पाठवायचंय. इंग्रजीत ‘वी आर हॅविंग डिफिकल्टी पेइंग’ ठरलंय (‘टू पे’ नको, तिथंच बहुतेक चुकतात). पोर्तुगीजमध्ये ‘तेर दिफिकुल्दाद एम पागार’; क्रियापदाआधी ‘एम’ हवाच. अडचण तात्पुरती, म्हणून ‘ए दिफीसिल’ नव्हे, ‘एश्ता दिफीसिल’ (दोन्हींचा अर्थ ‘कठीण आहे’). पहिल्यानं ती कायमची वाटते.

‘सैतानानं मळलेला पाव खाणं’ म्हणजे अतोनात हाल सोसणं, हा तिकडचा वाक्प्रचार झकास आहे (पाव शब्दही त्यांचाच!), पण धंद्याच्या पत्रात नकोच ना? ‘एम आपूरुश’, म्हणजे अडचणीत, हे चालेल, की फार बोलीतलं वाटेल? मुदत मागताना लाचारी न दिसणारा शब्द सुचवा.