मदत हवी आहे: १९६६ च्या एमजीबीचं इंजिन मूळचंच आहे का?

नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडमध्ये १९६६ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, बघून आलो. लहानपणापासूनचं स्वप्न आहे, म्हणून खात्री करूनच घ्यायची आहे.

इंजिनच्या ब्लॉकवरच्या पट्टीवरचा नंबर १८जीबीने सुरू होतो, म्हणजे पाच बेअरिंगचं १७९८ सीसी इंजिन. सालाशी जुळतं. पण पट्टीचे रिव्हेट कोरे करकरीत, आणि भोवतालचा रंग मात्र तेलकट, पापुद्रे सुटलेला. कार्ब्युरेटर बदललेलेच आहेत: मूळच्या एसयू कंपनीच्या एचएस४ ची फ्लोटची वाटी शेजारी असते, इथे ती पोटाखाली आहे, म्हणजे नंतरचे एचआयएफ४. एचएस४ परत बसवता येतील. जीव अडकलाय तो ब्लॉकमध्ये.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट (कारखान्याच्या नोंदींवरून दिलेला दाखला) मागवतोय, त्यावर कारखान्यातला इंजिन नंबर कळेल. पण जुनी पट्टी काढून दुसऱ्याच ब्लॉकवर ठोकली असेल तर कसं ओळखायचं? ब्लॉकवरच्या ओतकामाच्या खुणा कोणाला वाचता येतात का? फोटो टाकतो.