श्रीवर्धनच्या घराच्या खिडक्यांना वादळी शटर: कुठलं लावावं?

कर्वेनगरची काकू

नमस्कार मंडळी. राहतो कर्वेनगरला, पण प्रश्न सासरच्या घराचा आहे. श्रीवर्धनजवळ, समुद्र चालत दहा मिनिटं. जांभ्याच्या भिंती, पुढेमागे पडवी, मंगलोरी कौलं, मागे वाडी. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ किनाऱ्याला लागलं ते आमच्याच पट्ट्यात. सुपारी आडवी झाली, नारळ पडून कौलं फुटली, ते दुःख वेगळं, इथे फक्त खिडक्यांचं विचारते.

सासऱ्यांनी हौसेने जुन्या सागवानी झडपा काढून सरकत्या काचा बसवून घेतल्या होत्या. पश्चिमेच्या सगळ्या फुटल्या. एक तर चौकटीसकट आत येऊन सासूबाईंच्या पलंगावर पडली. त्या लॉकडाऊनमुळे आमच्याकडे पुण्यात होत्या. “तुमच्याकडे अडकले म्हणून वाचले,” हे त्या अजूनही आमच्यावर उपकार केल्यासारखं ऐकवतात. पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आलं तेव्हा वाडी बघणाऱ्या दादांनी खिडक्यांवर प्लायवूड ठोकलं. निभावलं, पण खिळ्यांनी चौकटींची चाळण झाली.

आता कायमचं काहीतरी करायचंय. हे मोटरवाल्या गुंडाळी शटरच्या प्रेमात आहेत. पुण्यात बसून मोबाइलवर बटण दाबायचं म्हणे. शोरूममधल्या मुलाला विचारलं, वीज गेली तर? “मॅडम, बॅटरी बॅकअप आहे ना!” निसर्गनंतर तिकडे लोकांनी किती आठवडे अंधारात काढले, ते त्याला सांगत बसले नाही. दुसरा पर्याय तिकडच्या फॅब्रिकेटरचा, दुकानांना असतं तसं लोखंडी शटर. तिसरा, पॉलिकार्बोनेटचे पत्रे: वादळाची बातमी आली की लावायचे, गेलं की काढायचे. चौथा सासूबाईंचा: “होत्या त्या झडपा परत लावा.”

अडचणी दोन. दादा सत्तरीपुढचे, त्यांना शिडीवर चढवायचं नाही. आणि मे संपला की गणपतीपर्यंत घर बंद. सगळं गच्च लावून ठेवलं तर गाद्यांना बुरशी येते. कोणी प्रत्यक्षात केलंय का असं काही?

निवृत्त ओव्हरसियर

ताई, शटर कुठलं हे नंतर बघू. आधी सांगा, ते रोवणार कशात?

हिशेब मांडतो, कंटाळू नका. वाऱ्याच्या भाराचं आपलं मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग. त्यात मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबईला ४४. तुम्ही किनाऱ्यावर आहात, ४४ धरा. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब येतो, चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोंचा भार. चार फूट बाय चार फुटांची खिडकी दीड चौरस मीटर होते. म्हणजे एका खिडकीवर पावणेदोनशे किलो. आणि वारा नुसता ढकलत नाही. आडोशाच्या बाजूला तो बाहेर ओढतो, आणि शटर उपटून नेते ती ही ओढ.

आता तुमचा चिरा. जांभा मऊ आणि छिद्राळ. ड्रिल मारलं की भोक सैल होतं, त्यातला प्लग बोटांनी ओढून निघतो. त्यामुळे स्क्रूवर काहीही टांगू नका. भिंतीतून आरपार बोल्ट घ्या, आतल्या बाजूला लांब लोखंडी पट्टी आणि त्यावर नट. ते नको असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट मसाला भरून त्यात बोल्ट रोवायचा, पण तो जाळीच्या नळीतून भरायचा, नाहीतर सगळा मसाला चिऱ्याच्या पोकळ्यांत जिरतो. दोन चिऱ्यांच्या सांध्यात बोल्ट घ्यायचाच नाही. कारागीर “काय होत नाय” म्हणाला की समजावं, होतं.

दुकानाचं शटर चोरासाठी बनवलेलं असतं. वाऱ्याने ते मधे फुगतं आणि पट्ट्या बाजूच्या गाइडमधून निसटतात. पट्ट्यांच्या टोकांना विंड लॉक लावून मिळतात, गाइडही खोल लागतो. ते देणार असेल तर विचार करा. पण खाऱ्या हवेत ते गंजून अडकलं की दादांनाच काय, मलाही खाली ओढता येणार नाही. साहेबांना माझा नमस्कार सांगा आणि मोबाइलचं विसरायला सांगा. वादळात वीज आणि टॉवर बरोबरच जातात. मोटर घ्यायचीच तर हाताने फिरवायच्या दांड्यासकट घ्या.

माझं मत सासूबाईंच्या बाजूने. बाहेर उघडणाऱ्या भक्कम झडपा, प्रत्येक झडपेला तीन बिजागऱ्या, बंद केल्यावर बाहेरून आडवा अडसर. दादा अंगणात उभे राहून सगळं घर लावतील. काच आणि झडप यांच्यात दोन-तीन इंच मोकळे ठेवा, मार बसल्यावर झडप आत वाकते. आणि फक्त पश्चिमेला लावून थांबू नका. वादळ पुढे सरकतं तशी वाऱ्याची दिशा फिरते. सकाळी जी आडोशाची भिंत होती ती दुपारी समोरची होते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कौलांसाठी. खिडकी फुटली की वारा घरात शिरून छप्पर खालून वर रेटतो, त्याच वेळी बाहेरचा वारा ते वरून उचलत असतो. तुमची कौलं नुसत्या नारळांनी फुटली असतील असं मला वाटत नाही.

बावधन चौदावा मजला

काका, आमच्याकडेही जूनमध्ये खिडक्या शिट्ट्या घालतात आणि हॉलमध्ये पाणी येतं. शटर लावावं का? सध्या काचेवर चिकटपट्टीची फुली मारली आहे.

निवृत्त ओव्हरसियर

फुली काढा, काचेला डाग पडतील. तिने काच फुटायची थांबत नाही, फुटल्यावर तुकडे मात्र मोठे पडतात. तुम्हाला शटर नको. खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती रंगाने नाहीतर मातीने बुजलेली असणार. टाचणीने मोकळी करा, रबर बदला. कधी काच बदललीत तर लॅमिनेटेड घ्या. टफन्ड काच मजबूत खरी, पण फुटली की सगळी बारीक खडे होऊन खाली येते आणि खिडकी उघडी पडते. लॅमिनेटेड तडकते, पण मधल्या पापुद्र्याला धरून जागेवर राहते.

भाचा फ्लोरिडात

तिकडे फ्लोरिडात १९९२ च्या ‘अँड्र्यू’ वादळानंतर नियम फार कडक झाले. शटर पास करताना त्यावर सुमारे चार किलोंचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने मारतात, मग दाब-ओढीची हजारो आवर्तनं देतात. इथल्या विक्रेत्याने “सायक्लोन प्रूफ” म्हटलं तर ही चाचणी झाली आहे का, कागद दाखवा, एवढंच म्हणायचं. बहुतेक जण विषय बदलून रंगांचं कार्ड काढतात.

हर्णैची माहेरवाशीण, मुक्काम धायरी

काकू, माहेरी पॉलिकार्बोनेटचे पत्रे आहेत म्हणून सांगते. मोठा फायदा उजेडाचा. बाहेर वादळ, वीज नाही, आणि सगळं लाकडाने बंद केलेलं, अशा घरात दोन दिवस बसून बघा. पण आमच्या घरात माणसं राहतात. तुमच्याकडे पत्रे माळ्यावरून कोण काढणार, कुठला कुठल्या खिडकीचा ते कोण बघणार? आम्ही मागे ऑइल पेंटने नंबर घातलेत, तरी दर वेळी एक विंग नट कमीच असतो. घेतलेच तर भरीव पत्रा घ्या, उन्हापासून संरक्षणाचा थर असलेला, आणि बोल्टची भोकं जरा मोठी ठेवा. हा पत्रा उन्हाने वाढतो, भोक घट्ट असलं तर तिथेच तडकतो.

बुरशीचं म्हणाल तर पावसाळाभर झडपा लावून ठेवायची गरजच नाही. आपल्या समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जूनमध्ये, नाहीतर पाऊस सरल्यावर. ‘फयान’ आलं ते नोव्हेंबर २००९ मध्ये. जून संपला की दादांना पूर्वेकडच्या दोन झडपा उघडायला सांगा, हवा खेळू दे. झड येते ती पश्चिमेकडून, तिथे पडवीला झावळ्यांची झापं बांधा, आमची आजी बांधायची तशी.

आणि बिजागऱ्या, बोल्ट, कोयंडे सगळं ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचं. दुकानदार ३०४ पुढे करेल, “स्टेनलेसच आहे” म्हणेल. समुद्राजवळ ३०४ वर तपकिरी डाग धरतात.

कर्वेनगरची काकू

सगळ्यांचे आभार. ह्यांना ओव्हरसियर काकांचा हिशेब वाचून दाखवला. पावणेदोनशे किलो ऐकल्यावर मोबाइलचा विषय मागे पडला. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही, नाहीतर घरात राहणं कठीण होईल.

झडपा करायच्या ठरल्या. शेवटचा प्रश्न, लाकूड कुठलं? जुन्या झडपा गोठ्याच्या दाराला लागल्यात, त्या परत मिळण्यासारख्या नाहीत. आणि मापं घ्यायला पुण्याचा सुतार ताम्हिणी उतरून नेऊ, की तिकडचाच बघू?

निवृत्त ओव्हरसियर

जुना साग मिळाला तर उत्तम. भवानी पेठेत टिंबर मार्केटला पाडलेल्या वाड्यांचं लाकूड मिळतं का, एक चक्कर मारून बघा. नाही मिळालं तर सागाची चौकट आणि आत मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवूड. आयएस ७१० चा शिक्का बघूनच घ्या, आणि कापलेल्या कडा रंगाने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं.

सुतार तिकडचा घ्या. पावसाळ्याआधी बिजागरी आवळायला पुण्याहून कोण जाणार? मापं मात्र स्वतः समोर उभं राहून घ्या. खिडकीच्या प्रत्येक गाळ्याची रुंदी वर, मधे, खाली, आणि दोन्ही कर्ण. चिऱ्याच्या जुन्या घरात एकही खिडकी काटकोनात नसते.