बाळाला कळतं

"बाळंतपणानंतर रडू येतंच, आपोआप जातं, आणि एवढ्याशा बाळाला काय कळतंय," असं कुणीतरी लिहिलंय. त्यातली रडण्याची गोष्ट अर्धीच खरी आहे. सुरुवातीचं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही उदासी, बाळ झोपलं तरी डोळा न लागणं, 'मी वाईट आई आहे' असं वाटत राहणं टिकलं, तर तो बाळंतपणानंतरचं नैराश्य (पोस्टपार्टम डिप्रेशन) हा आजार आहे. भारतात साधारण पाचातल्या एकीला होतो.

आणि बाळाला कळतं! मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगात आईने काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला. बाळांनी आधी हसून तिला बोलावून पाहिलं, मग नजरच वळवली. आईच्या नैराश्यामुळे घरात हे महिनोन्‌महिने चाललं तर बोलणं, शांत होणं, माया जडणं यांवर परिणाम होऊ शकतो. होतोच असं नाही. बाबा, आजी रोज बाळाशी बोलत-खेळत असतील तर पुष्कळ सावरतं.

मुंबईत माहेराहून परतलेल्या मुलीचा नवरा लोकलने गेला की ती रात्रीपर्यंत एकटी. पण दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीच्या डोसाला ती दवाखान्यात येतेच. तिथे बाळाचं वजन करताना हे नैराश्य ओळखायच्या एडिंबरा प्रश्नावलीचे १० प्रश्न तिलाही विचारायलाच हवेत.

अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, डॉक्टरांना पाजत असल्याचं सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत, फुकट, चोवीस तास बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी मुंबईत केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयात न्या.